हात मोकळे राहतील अशी जागा

लालबाग,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय गुणाताई,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. हल्ली घरी पाकीट आलं की बँकेचं नाहीतर कोर्टाचं, म्हणून आधीच सांगून टाकलं. फोन करून मी थकले. तुला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तू कबूल करत नाहीस. मागच्या वेळी मी इतकी ओरडत होते की शेजारचे परब काय झालं म्हणून दारात येऊन उभे राहिले, आणि तू तिकडून शांतपणे ‘बरं, ठेव मग’ म्हणालीस. व्हॉट्सॲपवर काहीही पाठवलं तरी तुझा नुसता अंगठा येतो. सासूबाईंच्या ऑपरेशनची बातमी दिली, तेव्हाही अंगठा. म्हणून आज कागद घेऊन बसले. चष्मा लाव आणि सावकाश वाच. लेक असला तरी चंदूला वाचायला देऊ नकोस, तुझं तूच वाच.

चंदूची होडी निघाली का मासेमारीची बंदी उठल्यावर? नारळी पौर्णिमा तोंडावर आली, तुझी धावपळ चालू असेल. करंज्याच्या कोळीवाड्यात यंदा नाच आहे का, आणि तू नाचणार का, हे विचारत नाही. नाचणारच. हात कसा आहे तेही विचारत नाही, कारण ‘पावसाने दुखतो गो, बाकी काय नाय’ हे उत्तर मला पाठ आहे.

गौतमचं तेच चाललंय. कामावरून आला की बातम्या लावतो आणि त्यांच्यासमोर झोपतो. माझी लॅबमधली नोकरी चालू आहे, सकाळपासून लोकांची नावं लिहून घ्यायची आणि उपाशीपोटी आलात का विचारायचं. सासूबाईंचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना एका डोळ्याने लख्ख दिसतं, त्यामुळे घरातली धूळ वाढली आहे.

आता खरी बातमी. आमची पूर्वी यंदा सातवीत गेली. अंगाने माझ्यासारखी काडी, आवाज मात्र तुझा. गॅलरीत बोलली तर नाक्यावर कळतं.

तिच्या शाळेत मोठ्या मुलींची फुटबॉल टीम आहे, आठवी ते दहावीची. दरवर्षी शाळाशाळांच्या स्पर्धेत जातात, हरतात, वडापाव खाऊन परत येतात. पण टीम म्हणजे टीम. त्या मुली मधल्या सुट्टीत टी-शर्ट घालून जिन्यावरून उतरायला लागल्या की लहान मुली भिंतीला चिकटून वाट देतात. यंदा दहावीतल्या बऱ्याच जणींना घरच्यांनी क्लासला बांधून घातलं. मुली कमी पडल्या, तेव्हा खेळाचे रामदास सर वर्गावर्गात जाऊन सांगून आले की सातवीतल्या मुलींनीही निवडीला यावं. त्या दिवशी पूर्वीने घरात शिरता शिरता दप्तर भिरकावलं आणि म्हणाली, ‘मम्मी, मी गोलकी होणार!’

गोलकी म्हणजे गोलकीपर गं, जाळ्यासमोर उभी राहून बॉल अडवते ती.

सासूबाई म्हणाल्या, ‘थंय नुसती उभी रवान काय गावतला गो तुका?’

मला मात्र लगेच कळलं तिला तीच जागा का हवी ते. आपल्या दहीहंडीच्या पथकात ती चालायला लागल्यापासून येते. चौदा वर्षांखालच्यांना थरावर चढायला बंदी आहे, म्हणून ती बाहेरच्या कड्यात उभी राहते, हात वर करून, मोठ्या बायकांच्या मध्ये. तिथे तिला शिकवायला मीच असते. आणि मला दुसरं काय येतं? तू मला जे शिकवलंस तेच मी तिच्या डोक्यात भरलं. नजर वर, हात वर, पाय रोवलेले. वरून कोण येतंय ते बघायचं नाही, कुणीतरी येतंय एवढं पुरे. आणि काही झालं तरी जागा सोडायची नाही. त्यामुळे वरून येणाऱ्या कुठल्याच गोष्टीला ही मुलगी घाबरत नाही.

मग महिनाभर घरात धुमाकूळ. गौतम गॅलरीच्या एका टोकाहून बॉल मारायचा, ही दुसऱ्या टोकाला. परबांची तुळशीची कुंडी गेली, आमच्या दाराची काच गेली. उंच बॉल आला की ही अलगद झेलायची, बघत राहावं असं. आणि खालून सरपटत आला की संपलं! पाय रोवून उभी. बॉल दोन पायांमधून मागे जातोय आणि ही आपली समोर बघतेय. गौतम ओरडायचा, ‘अगं हल ना जरा!’ तर म्हणायची, ‘पप्पा, जागा सोडायची नसते.’ फुटबॉल खेळणाऱ्या कुठल्या घरात अशी चूक होत असेल सांग मला. मी हसून हसून वाकले. पण आतून धाकधूक होती, कारण हिला खरंच मनापासून ती जागा हवी होती. झोपताना बॉल उशाशी घ्यायची.

निवड जुलैतल्या एका शनिवारी होती. मी अर्धा दिवस सुटी घेऊन गेले आणि मैदानाच्या कठड्याला टेकून उभी राहिले. गोलकी एकच घ्यायची होती आणि दोघीच जणी आल्या होत्या, पूर्वी आणि नववीतली ऋग्वेदा. ऋग्वेदा उंच, हातात खरे गोलकीचे हातमोजे. आमच्या बाईसाहेबांनी गौतमचे बाइकचे घातले होते. आधी एकेकीवर बॉल मारून बघितले. उंच बॉल पूर्वीने एकही सोडला नाही. खालचे बरेच सोडले. ‘पाय हलव, पाय!’ म्हणून सरांचा घसा बसला. तरी वरचे तिने असे काही पकडले की सर मान हलवायला लागले, आणि ऋग्वेदाची आई माझ्याकडे वळून ‘कुठल्या क्लासला घातलंय हिला?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘हंडीच्या.’ तिला मी चेष्टा करतेय असं वाटलं.

मग शेवटी दोन टीम करून खेळवलं. पूर्वीने एकही गोल होऊ दिला नव्हता. सर कठड्याजवळ येऊन मला म्हणाले सुद्धा, ‘ताई, पोरगी भारी आहे हं तुमची.’ मला तेव्हाच पेढे आणावेसे वाटले.

थांब, चहा ठेवून येते.

आले. चहा झाला, भांडी घासली, वाळत घातलेले कपडे उगाच एकदा उलटे केले. आता लिहायलाच हवं.

कोपऱ्यातून बॉल उंच आला. टीमची कॅप्टन जुई, दहावीतली, चांगली थोराड मुलगी, ती डोक्याने मारायला उडाली. पूर्वीही उडाली आणि बॉल तिने झेलला. गुणाताई, झेलला होता गं, दोन्ही हातांत होता, छातीशी. तेवढ्यात मागून कुणाचा तरी धक्का जुईच्या पायांना लागला आणि ती हवेतच उलटी झाली, पाय वर आणि डोकं खाली. पूर्वीने बॉल सोडला. टाकला म्हण ना. आणि दोन्ही हात वर करून जुईच्या खाली गेली. दोघी चिखलात आदळल्या, जुई वर आणि ही खाली. बॉल लोळत लोळत रेषेच्या आत गेला. सरांनी शिट्टी मारली. गोल.

मी कठड्यापाशी उभी होते, तिथून काही करता येण्यासारखं नव्हतं, तरी माझेही हात वर गेले होते. पूर्वीचा ओठ फुटला होता. उठून बसली आणि पहिलं काय बोलली तर ‘ताई, मानेला नाही ना लागलं?’ जुईला काही झालं नव्हतं. बाकीच्या मुली मात्र ओरडत होत्या, ‘अगं ए, बॉल पकडायचा असतो!’ आणि हसत होत्या.

सरांनी ऋग्वेदाला घेतलं.

सोमवारी मी शाळेत भांडायला गेले. तुला माझं तोंड माहीत आहे. पण त्या माणसाने आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला, मग म्हणाला, ‘ताई, माणूस म्हणून विचाराल तर त्या पोरीच्या मी पाया पडेन. जुईची मान वाचवली तिने. पण गोलकी म्हणून विचाराल, तर बॉल तिच्या हातात होता.’ चहा पिऊन परत आले.

घरी आले तर पूर्वी कॉटवर पाय जवळ घेऊन बसलेली. रडून झालेलं. मला म्हणाली, ‘मम्मी, मी चुकले का?’

मी ‘नाही गं राणी’ म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, ‘उगाच बोलू नको. सगळे सांगतात बॉल हातात होता. तू शिकवलं तसं करायला गेले आणि वाट लागली माझी. आता मला फुटबॉल नको आणि पथक पण नको. मला कुठे उभंच नाही राहायचं.’

गुणाताई, तिने बॉल सोडला ह्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण हे ऐकून मी तिच्याशेजारी बसकण मारली. टीम आज गेली, पुढच्या वर्षी मिळेल. पण पुढच्या वेळी कुणी पडताना दिसलं आणि ही हात आखडून बॉल धरून उभी राहिली, तर? बारा वर्षांच्या मुलीच्या मनात एकदा बसलं की बसलं. तिला उत्तर द्यायचं तर मला एकच गोष्ट माहीत होती, आणि ती मी तोवर कुणाला सांगितलेली नव्हती. तुलासुद्धा नाही.

तेरा वर्षांपूर्वीच्या त्या हंडीबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. मी विषय काढला की तू मासळीचा भाव सांगतेस, आणि तू काढलास की मी पळ काढते. आज मी पळणार नाही, तूही पान उलटू नकोस.

मी वरून दुसरी होते, माझ्या खांद्यावर फक्त हंडी फोडणारी छोटी मुलगी चढायची होती. मला चक्कर आली. सगळे म्हणाले अष्टमीचा उपास, अंगात ताकद नव्हती. उपास कुठला? सकाळी मी दोन वडे खाल्ले होते. मी कलंडले ती नेमकी बाहेरच्या अंगाला, कड्याच्या पलीकडे, जिथे कुणाचेच हात नव्हते. आणि तू, जी आम्हाला वर्षानुवर्षं जागा सोडू नका, जागा सोडू नका म्हणून ओरडत आलीस, ती तू जागा सोडून धावलीस. मी तुझ्या खांद्यावर आले. माझा पाय मोडला आणि तुझा खांदा गेला. तुझी जागा मोकळी राहिली, तिथून एक मुलगी निसटली, तिच्या हनुवटीला टाके पडले. मग पथकात कुजबुज सुरू झाली, ‘गुणाताईने कडं फोडलं.’ कोण काय म्हणालं ते सगळं तुझ्या कानावर गेलं होतं. तेव्हा तुला छान ऐकू यायचं.

त्यानंतर तू पथकात पाऊल टाकलं नाहीस. ‘जिने जागा सोडली तिने काय शिकवायचं’ म्हणालीस. खांद्यामुळे डोक्यावर पाटी घेता येईना, बाजार सुटला, शिवडीची खोली सोडून चंदूबरोबर करंज्याला गेलीस. कुणी विचारलं तर सांगतेस हात दाराला आपटला.

आता ऐक. हॉस्पिटलात माझ्या पायाचा एक्सरे काढायचा होता. त्याआधी बायकांना विचारतात, तसं मलाही विचारलं. मी म्हटलं माहीत नाही. त्यांनी तपासलं. तू शेजारच्याच खाटेवर होतीस, खांदा बांधलेली. मला आत नेऊन आणलं तेव्हा विचारलंस, ‘काय म्हनला गो डॉक्टर?’ मी म्हटलं, पाय मोडलाय. खोटं नव्हतं. पण डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलले होते. मला दिवस गेले होते. ती चक्कर त्याची होती.

इतक्या उंचावरून पडल्यावर ते टिकेल की नाही हे कुणीच छातीठोक सांगेना. म्हणून मी गौतमपाशीही लगेच बोलले नाही, रोज सकाळी उठून आज काही झालं नाही ना एवढंच बघायचे. टिकलं. मग बातमी सगळ्यांना कळली, पण दिवस कुणी मोजले नाहीत. तोवर तू गेली होतीस. बारशाला आलीस, पाळण्यात वाकून बघितलंस आणि म्हणालीस, ‘डोळे बघा कसे वर लावलेत पोरीनं.’ तेव्हाच सांगायचं होतं. तुझा तो हात पाळण्याच्या दोरीपर्यंतही पोचेना ते बघितलं आणि मी घुगऱ्या वाटायला उठले. आभार मानायला तोंड उघडलं असतं तर बारशात भोकाड पसरलं असतं मी.

हे सगळं मी पूर्वीला सांगितलं. कॉटवर बसून, दिवसाउजेडी, भाजी निवडता निवडता. मला वाटलं रडेल. तर तिने काय विचारलं माहीत आहे? ‘म्हणजे पाय हलवायचा असतो?’

मी निवडलेली मेथी परत जुडीत टाकली.

‘तू मला सांगितलं होतं हलवायचा नाही. आणि गुणामावशी तर धावली.’

मी म्हटलं, ‘हो बाई, धावली. नसती धावली तर तू आज मला प्रश्न विचारत नसतीस.’

मग तिने मेथीची जुडी बाजूला सारली आणि माझ्या कुशीत डोकं घातलं. म्हणाली, ‘तिला कुणी सांगितलं का, की ती चुकली नाही?’

गुणाताई, मी सांगितलं नव्हतं. आज सांगते. तू चुकली नाहीस. तू जागा सोडलीस म्हणून माझं घर भरलेलं आहे.

पुढचं ऐक, ते ऐकल्याशिवाय पत्र मिटू नकोस. दुसऱ्या दिवशी ही कार्टी एकटी सरांसमोर जाऊन उभी राहिली. मला जुईने नंतर सांगितलं, ती तिथेच होती. म्हणाली, ‘सर, तुम्ही ऋग्वेदाताईला घेतलं ते बरोबर आहे. कारण परत कुणी पडलं तर मी परत बॉल सोडणार. त्यामुळे मला गोलकी नको. मला अशी जागा द्या जिथे हात मोकळे राहतील.’

सर म्हणाले, ‘मग हात घेऊन काय करणार तू? तिथे हात लावला की फाउल होतो.’

‘बॉलला लावला तर ना सर?’

सर हसले म्हणे, आणि तिला मागच्या फळीत, बचावाला उभी केली. म्हणाले, दहा मिनिटं बघतो. गुणाताई, ती धावली! जी मुलगी महिनाभर खांबासारखी उभी होती ती सगळ्या मैदानभर धावली. चुकीच्या बाजूलाही धावली, स्वतःच्याच टीममधल्या मुलीला आपटली, पण धावली. सरांनी राखीव म्हणून घेतलं. सातवीतून तीच एकटी. टी-शर्ट गुडघ्यापर्यंत येतो, तो घालूनच जेवते. सासूबाई म्हणतात, ‘झगो छान आसा.’ आणि काल जुई घरी आली होती, तिच्या आईने केलेला शिरा घेऊन. जाताना ह्या दोघी गॅलरीत काय करत होत्या तर पूर्वी तिला पडायचं कसं ते शिकवत होती. हनुवटी छातीला, अंग सैल. तुझेच शब्द, पण तिच्या तोंडी एकदम हुकूम वाटतात.

तिची पहिली मॅच ह्याच महिन्यात आहे. बाकावर बसवतील, मैदानात उतरवतील की नाही देव जाणे. तरी आम्ही सगळे जाणार आहोत, सासूबाईंसकट.

आणि शनिवारी, १६ तारखेला, हंडी. तुला दरवर्षी बोलावणं जातं आणि दरवर्षी चंदूच्या होडीला काहीतरी होतं. यंदा होडीला काही होऊ देऊ नकोस. पथकातल्या बायकांना मी सगळं सांगितलंय, दिवस गेल्याचं सुद्धा. जिच्या हनुवटीला टाके पडले होते ती आता दोन मुलांची आई आहे, तिने ऐकलं आणि माझ्यासमोर डोळे पुसले. म्हणाली, गुणाताईला आणायला मी जाते. मी म्हटलं, नाही, आम्ही जाणार. शुक्रवारी सुटी आहे, समुद्रावरच्या पुलावरून येतो, मी आणि पूर्वी. रात्री आमच्याकडे राहशील, सकाळी बरोबर निघू. नाही म्हणालीस तर ऐकू येत नाही असं मीही करीन.

पूर्वी म्हणते तुझा खांदा तिला बघायचा आहे. मी विचारलं, कशाला? म्हणाली, ‘मी पहिल्यांदा तिथेच उतरले ना?’

आभार मानायला मला अजूनही जमत नाही. कितीही लिहिलं तरी कमीच. पण मनापासून मानते गं, रोज मानते, तिला शाळेत सोडून परत फिरताना हटकून मानते.

काळजी घे. औषध लाव त्या हाताला.

तू जागा सोडून झेललेल्या दोघींपैकी थोरली,
कौसल्या